पाषाण कोणत्या प्रमाणाने ओळखावा?

दगड जमवण्याचा नाद ज्याला लागला आहे अशा मनुष्याच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: 'हा कॅल्साइट आहे.' वाक्य लहान आहे. ते उच्चारायला विशेष पांडित्य लागत नाही. आणि ज्याच्यापाशी एक भिंग, एक पोलादी चाकू, काचेचा एक तुकडा आणि सौम्य आम्लाची एक बाटली एवढी सामग्री आहे, त्याला ते बहुतेक वेळा बिनचूक उच्चारताही येते. परंतु ते उच्चारताना त्याला नेमके कशाचे ज्ञान झालेले असते, ते कोणत्या प्रमाणाने झाले, आणि समोरच्या त्या एका पाषाणाविषयी जाणण्यासारखे जे जे आहे त्यातले किती या ज्ञानात आले व किती बाहेरच राहिले, हे प्रश्न वाक्याइतके लहान नाहीत. आपल्याकडील नैयायिक, वैशेषिक आणि बौद्ध आचार्यांनी शतकानुशतके ज्याचा खल केला तोच हा वाद आहे. त्यांच्या चर्चेत घट, पट, गाय आणि गवय पदोपदी येतात, पाषाण मात्र क्वचित येतो. तो अधिक वेळा आला असता तर वादाला अधिक धार चढली असती असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहण्याचे कारणच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून थरावर थर लाव्हा वाहत आला आणि त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घडला. त्या लाव्ह्यात कोंडलेल्या वायूंच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या मागे ठेवल्या, त्यांत पुढे दीर्घ काळ झिरपत राहिलेल्या उष्ण पाण्याने झिओलाइट गटाची खनिजे आणि त्यांचे सोबती स्फटिकरूपाने आणून बसवले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या दगडखाणींत सुरुंग उडाला म्हणजे या पोकळ्या उघड्या पडतात. त्यांतल्या बहुसंख्य खडीबरोबर भरडल्या जातात, काही कोणा जाणत्या मजुराच्या नजरेमुळे वाचतात, आणि त्या वाचलेल्यांपैकी उत्तम नमुने आज जगातल्या नामांकित संग्रहालयांत आहेत.

अशा एखाद्या पोकळीचा तळहातावर मावेल एवढा तुकडा घेऊन पाहावा. कडेने फिकट गुलाबी रंगाचे, मध्यभागी आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फाकलेल्या पेंढीसारखे स्फटिकपुंज आहेत. तो स्टिल्बाइट, आणि त्याविषयी फारशी हरकत निघणार नाही. त्यांच्या मधोमध एक रंगहीन, पारदर्शक, जवळजवळ घनाकृती स्फटिक उभा आहे, आणि खरा मुकदमा तेथे सुरू होतो. तो गारेचा स्फटिक असेल, म्हणजे क्वार्ट्‌झ. तो कॅल्साइट असेल. तो अपोफिलाइट असेल. पारदर्शकता तिघांत समान, रंगाचा अभाव तिघांत समान, तिघेही याच खाणींत सापडणारे. साधारण धर्म दिसतो आणि विशेष धर्म दिसत नाही तेव्हा संशय उत्पन्न होतो, हे नैयायिकांनी तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात उभ्या असलेल्या खुंटाच्या दृष्टांताने समजावले आहे: उंची दिसते, हातपाय दिसत नाहीत, म्हणून हा खुंट की पुरुष असा विकल्प मनात उभा राहतो. येथे उजेड भरपूर आहे, भिंग आहे, वस्तू हातात आहे, तरीही संशय आहे. त्यावरून संशयाचे कारण अंधार नसून विशेष धर्माचे अदर्शन हेच आहे, हा त्यांचा सिद्धांत खुंटाच्या उदाहरणापेक्षा या स्फटिकाच्या उदाहरणाने अधिक स्वच्छ दिसतो.

आता शहानिशा करावी. स्फटिकाची वरची सपाट बाजू प्रकाशात तिरपी धरली की तीवर मोत्याची झाक येते, आणि उभ्या बाजूंवर मात्र काचेची चमक राहते. त्या उभ्या बाजूंवर भिंगातून बारीक उभ्या रेघा दिसतात. वरच्या बाजूला समांतर असा एक तडा आत गेलेला आहे, म्हणजे स्फटिक त्याच दिशेने सहज दुभंगतो. काचेवर त्याचा ओरखडा उठत नाही, चाकूचा त्याच्यावर उठतो, म्हणजे तो क्वार्ट्‌झ नव्हे, कारण क्वार्ट्‌झची कठिनता ७ आहे आणि तो काच सहज ओरखडतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर तो फसफसत नाही, म्हणजे तो कॅल्साइट नव्हे. उरला अपोफिलाइट, ज्याची कठिनता ४.५ ते ५ आहे, आणि वरच्या पृष्ठाची मौक्तिक चमक हा ज्याचा विशेष धर्म आहे. फैसला झाला.

परंतु हा फैसला कोणत्या प्रमाणाच्या जोरावर झाला? प्रत्यक्षाने चमक, रेघा आणि ओरखडा एवढेच दिले. नाव दिले नाही. आम्लाची कसोटी हे अनुमान आहे, आणि तेही वाटते तितके निर्दोष नाही, कारण फसफसण्यावरून कार्बोनेट एवढेच सिद्ध होते. ॲरॅगोनाइटही फसफसतो, त्यामुळे 'फसफसतो म्हणून कॅल्साइट' असे म्हणणाऱ्याचा हेतू व्यभिचारी ठरतो, आणि त्याला तीन दिशांनी तिरपे चौकोनी तुकडे पाडणाऱ्या पाटनाची साक्षही काढावीच लागते. मग नाव कोठून आले? ते पुस्तकातून किंवा एखाद्या वडीलधाऱ्या संग्राहकाच्या तोंडून आधी ऐकलेले होते: अमुक आकाराचा, वरून मोत्यासारखा, बाजूंनी काचेसारखा जो स्फटिक, तो अपोफिलाइट. गवय हा गाईसारखा असतो असे अरण्यवासी मनुष्याकडून ऐकून नागरिक वनात जातो, तसा प्राणी पाहतो, त्याला ते वाक्य आठवते आणि 'गवय या नावाने ज्याचा बोध होतो तो हाच' असे ज्ञान त्याला होते. न्यायदर्शनाने या ज्ञानासाठी उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी त्याचे स्वातंत्र्य नाकारले, आणि पुष्कळ आधुनिक अभ्यासकांनाही ते अनावश्यक वाटते. माझे मत नैयायिकांच्या बाजूने आहे. संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध जुळण्याचा जो क्षण, तो नुसत्या पाहण्याचा नव्हे, नुसत्या ऐकण्याचा नव्हे आणि निव्वळ अनुमानाचाही नव्हे. ज्याने पुस्तकात शंभरदा वाचलेले खनिज पहिल्यांदा स्वतःच्या हाती धरून ओळखले आहे त्याला हा क्षण वेगळा सांगावा लागत नाही.

नैयायिकांचे हे श्रेय मान्य करूनही एका मुद्द्यावर मला बौद्धांकडे वळावे लागते. वरची शहानिशा पुन्हा पाहावी: तीत अर्धे काम 'हे नव्हे, ते नव्हे' असे म्हणण्याचे होते. शब्दाचा अर्थ म्हणजे तदितरांची व्यावृत्ती, 'गाय' म्हणजे जी गाय नाही असे नाही ती, असे दिङ्नागाने अपोहवादात प्रतिपादन केले, तेव्हा सर्व गाईंत राहणारे गोत्व नावाचे एक नित्य सामान्य मानणाऱ्यांना ते फार कृत्रिम वाटले. संग्राहकाला ते कृत्रिम वाटणार नाही. त्याची श्रद्धा जातीवर असते, पण त्याचा व्यवहार अपोहाचा असतो.

आणि जातीवरची ती श्रद्धाही खनिजशास्त्राने वेळोवेळी हलवली आहे. ह्यूलँडाइट आणि क्लिनॉप्टिलोलाइट ही दोन झिओलाइट खनिजे एकाच घडणीची आहेत. त्यांतल्या सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचे परस्पर प्रमाण चारपेक्षा कमी असेल तर ह्यूलँडाइट आणि चार किंवा अधिक असेल तर क्लिनॉप्टिलोलाइट, अशी सीमारेषा आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या उपसमितीने १९९७ साली आखली, आणि त्याच वेळी पुष्कळ जुन्या नावांना प्रमुख धातूचे शेपूटही जोडले. त्या वर्षी जगातल्या कपाटांतला एकही स्फटिक बदलला नाही, चिठ्ठ्या मात्र बदलल्या. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर ज्याला आपण जाती समजत होतो तो उपाधी निघाला, म्हणजे वस्तूच्या ठिकाणी स्वभावतः असलेले सामान्य नव्हे, तर आपण व्यवहारासाठी लावलेले विशेषण. याहून बोलके उदाहरण नागपूरचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी धर्मप्रचाराच्या कामातून सवड काढून नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म जमवत. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी त्या प्रदेशाच्या भूरचनेवर १८५५ साली लिहिलेला निबंध आजही अभ्यासक पाहतात, आणि १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पाण्यात बुडून मरण पावले. त्यांच्या गौरवार्थ तिथल्या एका हिरव्या खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळाले. पुढे ते खनिज म्हणजे कॅल्साइटच असून त्याचा हिरवेपणा आत मिसळलेल्या दुसऱ्या द्रव्याचा आहे असे ठरले. नाव राहिले, पण त्या नावाची स्वतंत्र जाती कधीच नव्हती.

रंगाने फसवले, हे येथे नवे नाही. लक्षणाचे तीन दोष आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. आणि रंग हे खनिजाचे लक्षण म्हणून पुढे केले तर पहिले दोन्ही दोष एकाच वेळी पदरात पडतात. क्वार्ट्‌झ रंगहीन असतो, जांभळा असतो, गुलाबी असतो, धुरकट असतो, म्हणून कोणताही एक रंग त्याला व्यापत नाही. आणि हिरवा म्हणावा तर अपोफिलाइट हिरवा, प्रेनाइट हिरवा, हिस्लॉपचा कॅल्साइटही हिरवा. यासाठीच खनिज घासून पाहतात. हेमॅटाइटचा काळसर, पोलादासारखा चमकणारा तुकडा पांढऱ्या, बिनचकाकीच्या चिनी मातीवर घासला तर रेघ गेरूसारखी तांबडी उमटते, आणि सोन्यासारखा पिवळा पायराइट घासला तर ती हिरवट काळी येते. वस्तूच्या पृष्ठावरचा रंग एक आणि तिच्या चूर्णाचा कस दुसरा, ही गोष्ट पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसते त्याला मी तत्त्वज्ञानाचा आरंभ समजतो.

पाषाणाने एकदा प्रत्यक्ष न्यायशास्त्राचीच कसोटी घेतली होती. गंध हे पृथ्वीद्रव्याचे लक्षण, असे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त विद्यार्थी आरंभीच शिकतो. पूर्वपक्षी विचारतो: पाषाण पार्थिव आहे, त्याला वास कोठे आहे? विश्वनाथाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त याचे उत्तर असे की पाषाण जाळून केलेल्या भस्माला गंध येतो, भस्माचे आणि पाषाणाचे उपादान एकच आहे, म्हणून पाषाणातही गंध आहेच, तो केवळ अनुत्कट आहे. हे उत्तर लक्षण वाचवण्यासाठी ओढूनताणून आणले आहे असा आक्षेप घेणे सोपे आहे. तथापि संग्राहकाला ठाऊक असते की केओलिनसारख्या मृत्तिकेच्या खड्यावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा स्पष्ट वास येतो, आणि पुष्कळ ठिकाणी ती ओळखण्याची खूणच तीच आहे. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी उन्हात तापलेल्या दगडांतून आणि मातीतून या वासाचे तेल वेगळे केले. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून हाच गंध पिढ्यान्‌पिढ्या चंदनाच्या तेलात उतरवीत आलेले आहेत. परंतु या तेलाचे मूळ दगड नव्हे. वनस्पतींपासून निघून हवेत आलेली द्रव्ये दगडाने शोषून घेतलेली असतात. पाण्याला येणारा वास पाण्याचा नव्हे, त्यात मिसळलेल्या पृथ्वीचा, असे नैयायिक म्हणत. नेमका तोच न्याय आता पृथ्वीलाच लागू करावा लागतो. त्यांचे लक्षण त्यामुळे ढासळते, पण 'हा गुण या द्रव्याचा की आगंतुक?' हा प्रश्न विचारण्याची त्यांची शिस्त ढासळत नाही, आणि माझ्या लेखी त्या शिस्तीचे मोल लक्षणापेक्षा मोठे आहे.

येथवर आपण 'हा कोणत्या जातीचा?' एवढाच प्रश्न विचारला. घरोघरच्या देव्हाऱ्यांत मात्र दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली आहेत. पंचायतनात विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोणभद्राचा तांबडा दगड, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी सुवर्णमुखीचा पाषाण. पाच दगड आणि त्यांतल्या चारांची ओळख नदीने दिलेली. शाळिग्राम फोडला तर आतले चक्र म्हणजे हिमालयाच्या जागी असलेल्या जुन्या समुद्रात जुरासिक काळी जगलेल्या अमोनाइट या प्राण्याच्या शंखाचा ठसा, हे शास्त्र निःशंकपणे सांगते, आणि ते खरे आहे. त्यामुळे शाळिग्रामावरची तुळस खोटी ठरते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण श्रद्धा शास्त्राच्या वरची आहे हे नव्हे, तर विचारलेला प्रश्नच निराळा आहे हे आहे. बाणाच्या परीक्षेचा एक विधी काही ग्रंथांत सांगितला आहे: तो तांदळाने अनेकदा तोलावा, आणि प्रत्येक वेळी वजन निराळे भरले तर तो खरा बाण समजावा. खनिजशास्त्रज्ञ तोच गोटा तराजूत घालतो, हवेत आणि पाण्यात तोलतो, आणि पुनःपुन्हा तोच आकडा यावा अशी अपेक्षा करतो, कारण क्वार्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ च्या आसपास स्थिर असते. एकाला स्थैर्य हा पुरावा, दुसऱ्याला अस्थैर्य हा पुरावा. विधी सांगणाऱ्याला तराजूचे काम कळत नव्हते असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. जी वस्तू मापाने कायमची बांधली जात नाही तीच पूजनीय, हे त्याला म्हणायचे होते, आणि मापाने हे सिद्ध होत नाही असे मी मानत असलो तरी त्याने विचारलेला प्रश्न मला खोटा वाटत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत निखळ रूप महानुभाव पंथात दिसते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले, त्या स्थानांची काटेकोर नोंद 'स्थानपोथी'त केली गेली, आणि स्वामींचा संबंध घडलेले पाषाण पंथीयांनी आजवर जपून ठेवले. असा पाषाण बहुधा साधा काळा बेसाल्ट असतो. त्याचा कस, त्याची कठिनता, त्याचे विशिष्ट गुरुत्व, यांतले काहीही त्याला शेजारच्या शेतातल्या दगडापासून वेगळे करीत नाही. कोणतीही प्रयोगशाळा त्याची ओळख पटवू शकणार नाही. त्याची सारी ओळख संबंधात आहे, आणि संबंध कळण्याचे प्रमाण एकच, शब्द: ज्याला वस्तुस्थिती यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो त्या आप्ताचे वचन.

हौशी संग्राहक हे ऐकून हसणार असेल तर त्याने आपल्या कपाटातल्या चिठ्ठ्या वाचाव्या. खनिजाचे नाव ही त्या चिठ्ठीवरची सर्वांत कमी मोलाची ओळ असते, कारण ते उद्या कोणीही पुन्हा तपासू शकतो. मोलाची ओळ आहे ती स्थळाची, आणि स्थळ हा गुण दगडात नाही. स्थळ गमावलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मूक होतो. काही वेळा लक्षणांवरून स्थळाचे अनुमान होते, हे खरे. कॅव्हॅन्साइट हे गर्द निळे खनिज १९६७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात प्रथम आढळले, पण पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे निळे गुच्छ पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून इतक्या वैपुल्याने आणि इतक्या सौंदर्याने निघाले की तसा नमुना दिसताच जाणता संग्राहक वाघोलीचे नाव घेतो. तरीही कोणती खाण, कोणता थर, कोणती पोकळी, हे अनुमानाने कळत नाही. ते सुरुंगानंतर धुरळा बसताच ढिगाऱ्यावर चढलेल्या, घणाने कडा सांभाळून फोडणाऱ्या आणि पोकळी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवणाऱ्या मजुरालाच ठाऊक असते. न्यायशास्त्राच्या अर्थाने तो आप्त आहे, आणि आप्त होण्यासाठी वेदाध्ययनाची अट नैयायिकांनीही घातलेली नाही. वस्तू जाणणारा आणि खरे सांगणारा कोणीही, मग तो कोणत्याही कुळातला असो, त्यांनी आप्त मानला आहे. त्या मजुराची जबानी व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून प्रदर्शनातल्या टेबलावर आणि तेथून परदेशी कपाटात जाते तेव्हा प्रत्येक हातात एक तपशील गळतो. वाघोलीचे 'पुणे' होते, पुण्याचे 'महाराष्ट्र' होते, आणि शेवटी चिठ्ठीवर नुसते 'भारत' उरते; वाटेत कोणी भाव यावा म्हणून दुसऱ्याच प्रसिद्ध खाणीचे नाव लिहिले तर तो खोटेपणा कोणत्याही आम्लाने फसफसून उघडा पडत नाही.

स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांचे सुईसारखे झुबके नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी क्ष-किरणांची किंवा प्रकाशीय परीक्षा लागते, म्हणून प्रामाणिक संग्राहक चिठ्ठीवर दोन्ही नावे 'किंवा' घालून लिहितो, आणि तो संशय पुढच्या परीक्षकासाठी मोकळा राहतो. लॉमोंटाइट कोरड्या हवेत आतले पाणी गमावून पांढरा पडतो व भुगा होतो. तेव्हा चिठ्ठीखाली उरते ते निराळ्या अवस्थेतले द्रव्य असते, पण ते आले कोठून ही नोंद तरीही खरीच राहते. नावाबाबत जी सावधगिरी आपण सहज पाळतो ती स्थळाबाबत पाळली जात नाही, वास्तविक तेथेच तिची अधिक गरज आहे, कारण तेथे पुनर्परीक्षेची सोय नाही. तेव्हा खाणमजुराने स्वतः सांगितलेले असेल तर तसे लिहावे, विक्रेत्याने सांगितले असेल तर विक्रेत्याने सांगितले असे लिहावे, लक्षणांवरून तर्क केला असेल तर तो तर्क म्हणून नोंदवावा, आणि यांतले काहीच नसेल तर ती ओळ कोरी सोडावी.